एकोणऐंशी मुक्काम

इ.स. ९९० मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीचा नवा आर्चबिशप सिगेरिक रोमला गेला. काम तसं कार्यालयीनच होतं. आर्चबिशपने पोपच्या हातून ‘पॅलियम’ नावाचा पांढऱ्या लोकरीचा पट्टा घ्यायचा, की नेमणुकीवर शिक्कामोर्तब झालं. पोप पंधरावा जॉन याच्याकडून तो पट्टा घेऊन सिगेरिक परत निघाला. त्या परतीच्या वाटेवरच्या मुक्कामांची एक यादी मागे राहिली आहे. रोमपासून इंग्लिश खाडीपर्यंत ७९ नावं. हवापाण्याचा उल्लेख नाही, जेवणाखाणाचा नाही, चोराचिलटांचाही नाही. फक्त क्रमांक आणि नाव.

ही यादी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात आहे. कँटरबरी ते रोम ही वाट आज मोजली तर सुमारे २,००० किलोमीटर भरते. त्याला मुक्कामांच्या संख्येने भागलं की रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर पडतात. आपल्यापैकी जे पालखीबरोबर चालले आहेत त्यांना हा हिशेब लगेच पटेल.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, “शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू गेल्या वर्षी इटलीत पायी फिरून आलीस, त्या वाटेचा इतिहास लिही.” आमच्या इतिहासाच्या बाई सनावळ्या पाठ करून घ्यायच्या, त्यामुळे सनावळ्या यात भरपूर आहेत. पण सांगायचं आहे ते एकच. एखादी वाट आणि तिच्यावरची गावं टिकतात ती कुणीतरी चालत राहिल्यामुळे आणि कुणीतरी कंटाळवाणी नोंद करून ठेवल्यामुळे. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे प्रत्येक यंत्र आपण काय केलं याची ओळीमागून ओळ नोंद ठेवत असतं. ती एरवी कुणी वाचत नाही. काही बिघडलं की मात्र सगळे आधी तीच उघडतात. सिगेरिकची यादी त्याच जातीची आहे.

एक रस्ता नव्हे, वाटांचा जुडगा

या वाटेचं नाव व्हिया फ्रांचीजेना, म्हणजे फ्रँक लोकांच्या मुलखातून येणारी वाट. मी चालले तो तिचा तोस्काना प्रांतातला तुकडा, सान जिमिन्यानो ते रादिकोफानी. पाच दिवस, जवळपास १३५ किलोमीटर.

तिथे आधी रोमन लोकांचा व्हिया कास्सिया हा पक्का रस्ता होता. पाचव्या शतकात पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य कोसळलं आणि पूल, चर, फरसबंदी यांची डागडुजी करणारं कुणी उरलं नाही. खोऱ्यांच्या तळाशी पाणी साचलं, दलदल झाली, दलदलीबरोबर हिवताप आला. सहाव्या शतकात लोंबार्द लोकांनी उत्तर इटली जिंकली. त्यांची राजधानी पाव्हिया. पण पूर्वेकडचे आणि किनाऱ्यालगतचे मार्ग बायझंटाइन सत्तेच्या ताब्यात होते. दक्षिणेतल्या आपल्या मुलखाशी संपर्क ठेवायचा तर डोंगरातून, आतल्या बाजूने वाट हवी होती. आपेनाइन पर्वतात आज ज्याला चीझा खिंड म्हणतात तिथून लोंबार्द उतरले आणि लुक्का, एल्सा नदीचं खोरं, सिएना असा मार्ग रुळला. ७७४ मध्ये शार्लमेनने लोंबार्द राज्य जिंकलं, फ्रँकांची ये-जा वाढली आणि नवव्या शतकातल्या कागदपत्रांत ‘फ्रांचीजेना’ हे नाव दिसू लागलं.

हा एक आखलेला रस्ता कधीच नव्हता. समांतर धावणाऱ्या, फुटणाऱ्या, पुन्हा मिळणाऱ्या वाटांचा तो जुडगा होता. एखादा पूल वाहून गेला की लोक पलीकडच्या धारेवरून जायचे. एखाद्या सरदाराने जकात वाढवली की व्यापारी दुसऱ्या टेकडीला वळसा घालायचे. सह्याद्रीत एकाच घाटाला दोन-तीन उतरणी असतात तसंच हे. त्यामुळे ‘मूळ वाट कुठली’ असं विचारण्यात अर्थ नाही. मुक्काम मात्र ठरलेले राहायचे, कारण रात्री छप्पर लागतं. म्हणूनच रस्त्याच्या वर्णनापेक्षा मुक्कामांची यादी इतिहासकारांना जास्त उपयोगी पडली.

गावं टेकडीवर का?

या भागात चालताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की गाव कायम वर असतं. खाली द्राक्षांचे मळे, गव्हाची शेतं, ऑलिव्हच्या बागा, आणि दिवसभराची चाल संपत आली की शेवटचा चढ हमखास गावाचा. पाठीवरचं ओझं नेमकं त्याच वेळी दुप्पट वाटतं.

या प्रश्नाचं शाळेत शोभेल असं उत्तर म्हणजे शत्रूच्या भीतीने. नवव्या-दहाव्या शतकांत समुद्रावरून अरब आणि उत्तरेकडून मग्यार टोळ्या येत, म्हणून लोक टेकडीवर गेले. नंतर इतिहासकारांनी दुसरी बाजू दाखवली. टेकडीभोवती तट बांधला की विखुरलेले शेतकरी जमीनदाराच्या नजरेखाली येतात, त्यांच्याकडून सारा आणि वेठ वसूल करणं सोपं जातं. माणसं तटाच्या आत गोळा होण्याच्या या प्रक्रियेला इटलीत ‘इंकास्तेल्लामेंतो’ म्हणतात.

तिसरं उत्तर जमिनीखालून आलं. रिकार्दो फ्रांकोव्हिक या पुरातत्त्वज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोस्कानातल्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं उत्खननं केली. दगडी तटाच्या थराखाली त्यांना लाकडी खांबांचे खळगे, झोपड्यांचे अवशेष मिळाले, आणि ते सातव्या-आठव्या शतकांतले होते. म्हणजे सरदाराने तट बांधण्याआधी शेतकरी आपणहून वर राहायला गेले होते. तट नंतर आला आणि आधीपासून असलेल्या गावावर मालकी सांगून बसला. मला हे फार आवडलं. किल्ला दिसतो म्हणून आपण इतिहास किल्ल्यापासून सुरू करतो. खांबाचा खळगा दिसत नाही, पण खरी सुरुवात त्याची.

वाटेवरची तीन ठिकाणं

सान जिमिन्यानो हा सिगेरिकच्या यादीतला १९ वा मुक्काम. गावाची मुख्य गल्ली म्हणजेच जुनी वाट. उत्तरेच्या सान मात्तेओ वेशीतून आत शिरायचं, दक्षिणेच्या सान जोव्हान्नी वेशीतून बाहेर पडायचं. यात्रेकरू आणि व्यापारी यांच्यावर हे गाव श्रीमंत झालं. ११९९ मध्ये त्याने स्वतःचा कारभार स्वतः चालवायला घेतला. इथलं केशर दूरवर विकलं जाई. पैसा आला तशी घराण्यांची स्पर्धा आली आणि ती उंचीत मोजली जाऊ लागली. प्रत्येक बडं घराणं घराला जोडून दगडी मनोरा उभारू लागलं. एकेकाळी ७२ मनोरे होते असं परंपरा सांगते. आज १४ उभे आहेत. नगर सरकारच्या मनोऱ्यापेक्षा उंच कुणी बांधायचं नाही असा कायदा करावा लागला. सोसायटीच्या सभेला गेलेल्या कुणालाही हा कायदा का लागला हे समजावून सांगायला नको.

पुढे मोंतेरिज्जोनी. हे सिगेरिकच्या यादीत नाही, कारण तेव्हा ते नव्हतंच. यादीतला १६ वा मुक्काम बोर्गोनुओव्हो, तो खालच्या सपाटीवर होता. तिथे १००१ मध्ये मठ स्थापन झाला. त्याचं नाव ‘आब्बादिया आ इझोला’, म्हणजे बेटावरचा मठ. बेट, कारण भोवती दलदल. तिथून तासाभराच्या चालीवर टेकडी आहे. त्या टेकडीवर सिएनाने फ्लॉरेन्सला अडवण्यासाठी १२१३ च्या सुमारास तट बांधायला घेतला. वर्तुळासारखा तट, घेर साधारण ५७० मीटर, त्यावर १४ बुरूज, दोन वेशी. एक रोमकडे, एक फ्लॉरेन्सकडे. दान्तेने आपल्या महाकाव्यातल्या नरकाच्या खोल भागातल्या राक्षसांना या बुरुजांची उपमा दिली. एवढं करून १५५४ मध्ये गड पडला तो तोफांनी नव्हे. आतल्या सेनापतीने किल्ल्या शत्रूच्या हाती दिल्या. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आज तटाच्या आत एक चौक, एक चर्च आणि थोडीच घरं आहेत. चालत एका वेशीतून दुसरीत जायला पाच मिनिटं लागत नाहीत.

मग सिएना, यादीतला १५ वा मुक्काम. (यादी रोमकडून मोजते आणि मी रोमकडे चालत होते, म्हणून माझे आकडे उतरते.) इथल्या मोठ्या चर्चसमोर सान्ता मारिया देल्ला स्काला ही इमारत आहे. अकराव्या शतकापासून तिचे दाखले मिळतात. आधी यात्रेकरूंची धर्मशाळा, मग अनाथालय, मग रुग्णालय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे रुग्णांवर उपचार होत होते, आता संग्रहालय आहे. ‘पेल्लेग्रिनाइयो’ या लांबलचक दालनाच्या भिंतींवर दोमेनिको दी बार्तोलो या चित्रकाराने १४४० च्या दशकात संस्थेचं रोजचं काम रंगवलं. जखम धुणारा सेवक, अन्नदान, टाकून दिलेल्या बाळांना दूध पाजणाऱ्या दाया. देवादिकांच्या चित्रांनी भरलेल्या शहरात एका संस्थेने आपला दिनक्रम भिंतीवर काढून घेतला, ही गोष्ट मला त्या दालनात उभी असताना फार मोठी वाटली.

सिएनाच्या नगर सरकारनेही तेच केलं होतं. १३३८-३९ मध्ये आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने सभागृहाच्या भिंतींवर चांगला कारभार आणि वाईट कारभार यांची चित्रं काढली. चांगल्या कारभाराच्या चित्रात शहराच्या वेशीतून एक रस्ता खाली उतरतो. शिकारीला निघालेले श्रीमंत घोड्यांवरून जातात, समोरून धान्याच्या गोण्या लादलेली जनावरं येतात, एक शेतकरी कमरेला पांढरा पट्टा असलेलं काळं डुक्कर बाजाराकडे हाकतो, कडेला एक आंधळा भिकारी बसला आहे. आकाशात ‘सुरक्षितता’ ही पंखांची स्त्री तरंगते. तिच्या एका हातात फलक आहे, सगळ्यांनी निर्धास्त चालावं अशा आशयाचा. दुसऱ्या हातात फास, त्याला लटकलेल्या माणसासकट. पलीकडच्या भिंतीवर वाईट कारभारात त्याच मुलखातली शेतं ओसाड आहेत. राज्य चांगलं की वाईट याची कसोटी म्हणून चित्रकाराने रस्ता निवडला आहे, आणि त्या रस्त्यावरून सामान्य माणूस चालू शकतो का हा प्रश्न.

१३४८ आणि नंतर

चित्र पुरं होऊन दहा वर्षंही झाली नाहीत तोच प्लेग आला. १३४८ च्या उन्हाळ्यात सिएनातले निम्म्याच्या आसपास लोक गेले असं मानलं जातं. लोरेंझेत्तीही त्यातच गेला असावा. आन्योलो दी तुरा नावाच्या बखरकाराने, आपली पाच मुलं आपण स्वतःच्या हातांनी पुरली, अशी नोंद केली आहे. शहराने १३३९ मध्ये आपलं चर्च प्रचंड वाढवायला घेतलं होतं. ते काम थांबलं ते कायमचं. त्या अर्धवट बांधकामाची एक उंच भिंत आजही तशीच उभी आहे. तिच्यावर चढून जाता येतं आणि वरून सगळं सिएना दिसतं.

सान जिमिन्यानोही खचलं. माणसं गेली, आणि त्याच सुमारास वाहतूकही टेकडीवरून खाली एल्सा खोऱ्याच्या सपाटीकडे वळत होती. १३५३ मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या स्वाधीन झालं. १५५५ मध्ये खुद्द सिएना पडलं. वाटेवरची गावं मोठ्या राज्याच्या कोपऱ्यात गेली.

पर्यटक ज्याला ‘जपलेलं’ म्हणतात त्याचं खरं कारण इथे आहे. फ्लॉरेन्समध्ये पैसा होता, त्यामुळे जुने मनोरे पाडून नवे वाडे झाले. सान जिमिन्यानोत पाडायला आणि बांधायलाही पैसा नव्हता. आपण ज्या गल्ल्यांत उभं राहून फोटो काढतो त्या चार-पाचशे वर्षांच्या गरिबीने सांभाळलेल्या आहेत.

ती गरिबी कुणाच्या वाट्याला आली हेही पाहायला हवं. शतकानुशतकं इथली शेती ‘मेद्झाद्रिया’ पद्धतीने चाले, आपल्या भाषेत अर्धलीने. जमीन मालकाची, मेहनत कुळाची, पीक निम्मंनिम्मं. सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दोर्चाचं खोरं आहे. टेकडीवर एकटं घर आणि त्याच्याकडे जाणारी सुरूच्या झाडांची रांग, असं जे चित्र कॅलेंडरवर दिसतं ते इथलं. ती घरं बहुतेक अशा कुळांची होती. खाली गोठा, वर बिऱ्हाड. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या सप्टेंबरात नवे अर्धलीचे करार करायला कायद्याने बंदी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिलान ते नेपल्स हा ‘सूर्य महामार्ग’ पूर्ण झाला आणि रोमला जाणारी मोठी वाहतूक जुन्या कास्सियावरून त्याच्यावर गेली. एका महिन्याच्या अंतराने शेती सोडायची मोकळीक मिळाली आणि गाव टाळून जाणारा रस्ताही. शेकडो घरं रिकामी पडली. वाटा काट्याकुट्यांनी भरल्या.

रादिकोफानी हा या खोऱ्याचा शेवटचा चढ. गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर, त्याच्याही वर किल्ला. तेराव्या शतकाच्या अखेरीस गीनो दी ताक्को नावाचा बंडखोर सरदार इथून वाटसरूंना लुटायचा. बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’मध्ये त्याची कथा आहे. पोटाच्या विकारावर उपचार घ्यायला निघालेल्या एका बड्या मठाधिपतीला तो पकडतो, नुसता भाजलेला पाव आणि वाइन यांवर ठेवतो, आणि मठाधिपतीचं पोट बरं होतं. खूश होऊन तोच पोपकडे गीनोसाठी शब्द टाकतो. दिवसभर चिकणमातीच्या उघड्या टेकड्या तुडवून वर पोचल्यावर पाव आणि वाइन हा उपचार असू शकतो हे मला पटलं.

मराठी पावलं

या मुलखाशी आपलं एक नातं आहे, आणि ते मला तिथे जाण्याआधी नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या ४ थ्या, ८ व्या आणि १० व्या डिव्हिजन इटलीत लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या आणि याच टेकड्या एकेक करून घ्याव्या लागत होत्या. कित्येक शतकांपूर्वी गाव ज्या कारणासाठी वर वसवलं, त्याच कारणासाठी मशीनगनही तिथेच बसवलेली असे.

फ्लॉरेन्सच्या कलासंग्रहातली चित्रं युद्धकाळात खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत हलवून ठेवली होती. सान जिमिन्यानोच्या उत्तरेला मोंतेगुफोनी नावाचा वाडा आहे. ८ वी डिव्हिजन तिथे पोचली तेव्हा बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्या वाड्यात होतं. त्याच्यावर पहाऱ्याला उभे राहिले ते मराठा जवान.

पूर्वेला, उंब्रिया प्रांतातल्या तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने हे आणखी एक तटबंदीचं गाव आहे. पंधराव्या शतकातला नामांकित भाडोत्री सेनापती ब्राच्चो फोर्तेब्राच्चो याच्या घराण्याचं. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन चढत होते. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. वय २२. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, बाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून तिची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी लढले. घेतलेल्या मोर्च्यातच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या लढाईत हा सन्मान सहा भारतीय सैनिकांना मिळाला. त्यांतले दुसरे मराठा म्हणजे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी साथीदारांना माऱ्यातून पाठीवर वाहून आणलं.

घाडग्यांची समाधी कुठे नाही. कास्सिनो इथे, ज्यांचं दफन कुठे झालं हे माहीत नाही अशा सुमारे ४,००० सैनिकांची नावं संगमरवरी फलकांवर कोरलेली आहेत. त्यांत त्यांचं नाव आहे. इथेही उरली ती यादीच. मात्र २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही. एक सूर्यघड्याळ आहे, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं त्याचं लॅटिन ब्रीद.

वाट पुन्हा सापडली

रिकाम्या झालेल्या वाटांकडे लोक पुन्हा कसे वळले? १९८५ मध्ये जोव्हान्नी कासेल्ली या तोस्कानाच्या अभ्यासकाने सिगेरिकची यादी हातात घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर वाट शोधायला घेतली. यादीतली नावं बिघडलेली होती, कारण लिहिणाऱ्याने इटालियन नावं इंग्रजी कानांनी ऐकली होती. सिएनाचं ‘सेओचिने’ झालं होतं. काही मुक्काम शहरं होऊन बसले होते, काहींचं नुसतं चर्च उरलं होतं, आणि ११ वा मुक्काम ‘आब्रिकुला’ म्हणजे आज शेतातली मोजकी घरं. पण क्रम शाबूत होता. दोन ओळखीची नावं मिळाली की मधलं तिसरं कुठे शोधायचं हे कळतं. १९९४ मध्ये युरोपीय परिषदेने या वाटेला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. आज झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे आणि काठी घेतलेल्या यात्रेकरूचं चित्र दिसतं. गावचे स्वयंसेवक ते पुन्हा रंगवतात, काटेरी झुडपं तोडतात, चर्चच्या खोल्यांत खाटा टाकतात.

सगळं गोड आहे असं नाही. सान जिमिन्यानोत दिवसा पाय ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी बस गेल्या की गल्ल्या सुन्या होतात. घरं पाहुण्यांना भाड्याने दिली की राहणारे बाहेर जातात. चालणारा मात्र रात्री थांबतो. तो वाण्याकडून पाव घेतो, मोची विचारतो, औषधाचं दुकान विचारतो. एका छोट्या गावातल्या दुकानदार आजींनी मला सांगितलं, चालणारी माणसं येतात म्हणून हे दुकान चालू आहे. हजार वर्षांपूर्वी हीच गावं याच हिशेबावर उभी राहिली होती.

आता आपल्याविषयी एवढंच. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं-मुली आजूबाजूच्या वाड्यांतून पायी शाळेत यायची. ओढा कुठे ओलांडायचा, पावसाळ्यात कुठून वळसा घ्यायचा, कुठल्या झाडाखाली पुढच्या वाडीची मुलं भेटायची, हे त्यांना पायांनी पाठ होतं. आता मुलं गाडीने येतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्या वाटा शाळेच्या कुठल्याही दप्तरात नाहीत. हजेरीपटात आपण वर्गात होतो याची नोंद आहे, तिथवर कसे पोचलो याची नाही.

म्हणून विनंती अशी. संमेलनाला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. घर कुठलं, वाटेत क्रमाने काय काय लागायचं, किती वेळ लागायचा, बरोबर कोण असायचं. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही, आणि जुन्या शिक्षकांनाही आम्ही ते तपासू देणार नाही. नावं आणि क्रम पुरे. नकाशावर बसवायचं काम माझ्याकडे.